मावम्लूहची रेघ: मेघालयातील चुनखडीच्या गुहा आणि एका कालसीमेच्या वादाची पार्श्वभूमी

जून 2018 मध्ये पृथ्वीच्या कालगणनेत एक नवी रेघ मारली गेली. शेवटचे हिमयुग सरल्यानंतरच्या सुमारे 11,700 वर्षांचे, म्हणजे होलोसीन या विभागाचे, तीन तुकडे करण्याच्या प्रस्तावाला भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली. पहिल्या दोन तुकड्यांच्या आरंभाच्या खुणा ग्रीनलंडमधील बर्फाच्या गाभ्यांत, म्हणजे खोलवर छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यांत, निश्चित झाल्या. तिसऱ्या आणि आजही चालू असलेल्या तुकड्याची खूण मात्र मेघालयात, सोहरा अर्थात चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेतून काढलेल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभात ठरवण्यात आली, आणि म्हणून त्या तुकड्याला ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. भारतातील वृत्तपत्रांनी ही बातमी स्वाभाविक आनंदाने दिली. त्या आनंदात दोन गोष्टी मागे पडल्या. एक म्हणजे या रेघेबद्दल शास्त्रज्ञांमध्ये तेव्हाही मतैक्य नव्हते आणि आज तर ते आणखी विरळ झाले आहे. दुसरी म्हणजे ज्या गुहांच्या पट्ट्याने ही रेघ दिली, त्या पट्ट्यातील दगड, पाणी आणि प्राणी यांचा अभ्यास त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता आणि त्याची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली.

चुनखडीच्या प्रदेशात पाणी खडक विरघळवून गुहा, विलय विवरे आणि भूमिगत नद्या कशा घडवते हे शालेय भूगोलात येऊन जाते, त्यामुळे ते येथे पुन्हा सांगत नाही. या भूरूपांना मिळालेले ‘कार्स्ट’ हे नाव स्लोव्हेनिया आणि इटली यांच्या सीमेवरील क्रास नावाच्या पठारावरून आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते जगभरच्या तशा प्रदेशांसाठी रूढ झाले. मेघालयापुरते एवढे लक्षात ठेवावे लागते की शिलाँग पठाराच्या दक्षिण कडेने गारो, खासी आणि जयंतिया टेकड्यांतून जाणारा चुनखडीचा पट्टा हा सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा गाळ आहे, आणि आज तो जगातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशात उभा आहे. बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग सिल्हेटचे सपाट मैदान ओलांडून एकदम या कड्यावर आदळतात. सोहरा आणि शेजारचे मावसिनराम येथे वर्षाला सरासरी 11,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत सोहराला 26,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि तो विक्रम अद्याप मोडलेला नाही. विरघळणारा खडक आणि असा पाऊस एकत्र आल्यावर जे व्हायचे तेच झाले आहे. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात, आणि या राज्यात आजवर दीड हजारांहून अधिक क्रेम नोंदल्या गेल्या आहेत. जयंतिया टेकड्यांतील क्रेम लियात प्राह या एकाच गुहेची मोजलेली लांबी तीस किलोमीटरपेक्षा जास्त आहे.

मावम्लूह त्या मानाने मध्यम म्हणावी अशी, सुमारे सात किलोमीटर लांबीची गुहा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, 1840 च्या दशकात, तिची पहिली लेखी नोंद एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केली. सर्व फाटे पद्धतशीरपणे मोजण्याचे काम मात्र 1990 नंतरचे आहे. 1992 पासून जवळजवळ दरवर्षी हिवाळ्यात, पाणी ओसरल्यावर, स्थानिक आणि परदेशी गुहाशोधकांच्या तुकड्या मेघालयात उतरू लागल्या आणि आज आपल्याकडे असलेले बहुतेक नकाशे त्यांच्या श्रमाचे फळ आहे. ही मंडळी दोर, दिवे आणि मोजपट्ट्या घेऊन गुडघाभर, कधी गळाभर थंड पाण्यातून गेली नसती, तर पुढच्या प्रयोगशाळांना कोणता स्तंभ कोठून आणायचा हेही कळले नसते.

स्तंभातील पावसाचा हिशेब

‘लवणस्तंभ’ हा आपला पाठ्यपुस्तकी शब्द थोडा फसवा आहे. त्यातील लवण म्हणजे स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. रसायनशास्त्राच्या व्यापक अर्थाने चुन्याचा कार्बोनेट हेही लवणच. छतातून झिरपणारे पाणी जमिनीवर थेंबाथेंबाने पडते, त्यातील कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निघून जातो आणि मागे कॅल्साइटचा अत्यंत पातळ थर राहतो. असा स्तंभ उभा कापून घासला की आतला छेद झाडाच्या खोडासारखा दिसतो: फिकट पिवळे, दुधी, मध्येच मातकट पट्टे, काही केसाइतके पातळ. संशोधक दाताच्या डॉक्टरकडे असतो तशा बारीक गिरमिटाने या पट्ट्यांतून चिमूटभर भुकटी काढतात. एका भुकटीतून वय मिळते, दुसऱ्यातून पावसाची खूण.

वय काढण्याचे गमक साधे आहे. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नव्या थरात युरेनियम येते पण थोरियम येत नाही. पुढे युरेनियमच्या क्षयातून जेवढे थोरियम साठेल तेवढा त्या थराचा काळ. पावसाची खूण मात्र तितकी सरळ नाही, आणि पुढील वादाचे अर्धे मूळ येथेच आहे. ऑक्सिजनचे जड आणि हलके असे दोन समस्थानिक थरात कोणत्या प्रमाणात आहेत यावरून मोसमी वाऱ्यांचे बळ ताडले जाते: मान्सून जोरदार असेल तर हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण वाढते, मंदावला तर जड ऑक्सिजनचे. सर्वसाधारण लेखनात याचा अर्थ ‘त्या वर्षी सोहराला पाऊस कमी पडला’ असा लावला जातो आणि तो बरोबर नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोहराच्या पावसाच्या पाण्याचे नमुने तपासले गेले, तेव्हा असे आढळले की सर्वांत हलके पाणी जून-जुलैच्या धुवाधार पावसात पडत नाही. ते मोसमाच्या शेवटी, पाऊस ओसरत असताना पडते. कारण तोपर्यंत गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांचे गोडे पाणी उपसागराच्या उत्तर भागात पसरलेले असते आणि ढग त्या पाण्यातून भरून येतात. म्हणजे मावम्लूहचा स्तंभ केवळ आपल्या डोक्यावरच्या पावसाची नोंद ठेवत नाही. ढग कोठून आले, किती लांबून आले आणि उत्तरेकडील नद्यांना किती पाणी होते, या सगळ्यांची मिसळण तो नोंदवतो. एका परीने ही मिसळणच त्याचे मोल वाढवते, कारण एका गावापेक्षा मोठ्या प्रदेशाची बातमी त्यात असते. पण ‘स्तंभ म्हणजे पर्जन्यमापक’ एवढ्यावर जो थांबतो त्याची दिशाभूल निश्चित होते.

4,200 की 4,250, आणि ‘युग’ म्हणजे काय

मेघालयनच्या आरंभाची तारीख कोठे 4,200 तर कोठे 4,250 वर्षांपूर्वी अशी दिलेली आढळते, आणि दोन्ही बरोबर आहेत. किरणोत्सारी कालमापनात ‘आज’ म्हणजे इसवी सन 1950 मानण्याचा संकेत आहे. बर्फाच्या गाभ्यांवर काम करणारे ‘आज’ म्हणजे 2000 मानतात. सीमा ठरवताना दुसरा संकेत वापरला, म्हणून अधिकृत आकडा 4,250 झाला. इसवी सनपूर्व 2250 च्या आसपास, असे म्हटले की दोन्ही संकेत बाजूला राहतात.

शब्दाचा गुंता याहून वाईट आहे. मराठी बातम्यांत सर्रास ‘मेघालय युग’ असे छापून आले. आपल्या भाषेत युग म्हणजे लाखो वर्षांचे, सत्य-त्रेता-द्वापार-कलीतले काहीतरी. त्यातच कलियुगाच्या पारंपरिक आरंभापासून ही तारीख नऊशे वर्षांच्या आत असल्याने काहींनी दोहोंचा संबंधही जोडला. वस्तुस्थिती अशी की भूवैज्ञानिक उतरंडीत महाकल्प, कल्प, त्याखालचा विभाग आणि सर्वांत खाली हा छोटा तुकडा असा क्रम लागतो, आणि मेघालयन या सर्वांत खालच्या पायरीवर आहे. डायनोसोर संपले तेव्हाच्या सीमेशी त्याची तुलना करणे म्हणजे तालुक्याची हद्द आणि खंडाचा किनारा यांत गल्लत करणे होय. मी या लेखात म्हणूनच ‘युग’ हा शब्द टाळून ‘तुकडा’ किंवा ‘काल’ म्हणतो. नावाचीही एक गंमत नोंदवण्याजोगी आहे: ज्या राज्याचे नाव या चार हजार वर्षांना मिळाले, ते पूर्ण राज्य म्हणून 21 जानेवारी 1972 रोजी अस्तित्वात आले आणि ‘मेघालय’ हा संस्कृत शब्द एका भूगोलतज्ज्ञाने या पठारासाठी सुचवलेला होता. खासी, पनार किंवा गारो लोकांनी आपल्या डोंगरांना स्वतःच्या भाषेत दिलेली नावे कालगणनेत गेली नाहीत. गेला तो आसामपासून वेगळ्या झालेल्या राज्याचा सरकारी शब्द. मावम्लूह हे गावाचे नाव वापरले असते तर ते उच्चारायला जगाला जड गेले असते, पण अधिक न्याय्य ठरले असते, असे मला वाटते.

आता मुख्य निर्णयाकडे. इसवी सनपूर्व 2200 च्या सुमारास काहीतरी मोठे घडले ही कल्पना गुहांतून आलेली नाही. ती उत्खननातून आली. उत्तर सीरियातील तेल लैलान येथे एका नगराची वस्ती अचानक थांबलेली दिसली आणि वर वाऱ्याने आणलेल्या धुळीचा थर सापडला. त्यावरून 1993 मध्ये असा सिद्धांत मांडला गेला की प्रदीर्घ अवर्षणाने मेसोपोटेमियातील अक्कड साम्राज्य कोसळले. पुढे ओमानच्या आखातातील सागरी गाळातही त्याच सुमारास धुळीचे प्रमाण वाढलेले आढळले. इजिप्तच्या जुन्या राज्याचा शेवट आणि सिंधू नगरांची ओसरती कळा यांना हीच तारीख चिकटली. मावम्लूहच्या स्तंभाचा सविस्तर अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. हिमयुगाच्या अखेरीपासून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा काळ त्या एका स्तंभात होता, आणि बरोबर अपेक्षित जागी मान्सून मंदावल्याची खूण होती. होलोसीनचे तीन तुकडे करण्याचा आराखडाही त्याच वर्षी मांडला गेला आणि सहा वर्षांनी तो मंजूर झाला. गुहेतील स्तंभावर अशी सीमा ठरण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. कॅनडातील माउंट लोगन येथील बर्फाचा गाभा साहाय्यक खूण म्हणून जोडला गेला.

समर्थकांचे म्हणणे असे: अनेक खंडांतील सरोवरे, बर्फ, दलदली आणि गुहा यांत या सुमारास बदल दिसतो; सीमा कोठेतरी आखावीच लागते; आणि जेथे कालमापन सर्वांत अचूक होईल तेथे ती आखावी. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. गेली कित्येक दशके भूवैज्ञानिक होलोसीनचे ‘पूर्व, मध्य, उत्तर’ असे भाग आपापल्या सोयीने पाडत होते आणि एकाचा ‘उत्तर’ दुसऱ्याचा ‘मध्य’ असायचा. एकदा ठरवून दिलेली रेघ, ती थोडी इकडेतिकडे असली तरी, या गोंधळापेक्षा बरी.

आक्षेप मात्र वजनदार होते आणि ते तेव्हाच घेतले गेले. पहिला आक्षेप खुणेच्या स्वरूपाचा. त्या स्तंभातील बदल एका झटक्यात झालेला नाही. तो दोन टप्प्यांत आहे, त्या टप्प्यांमध्ये सुमारे दोन शतके जातात आणि सीमा त्यांच्या मध्यभागी धरलेली आहे. ज्याला पायरी म्हणायचे तो प्रत्यक्षात उतार आहे. दुसरा आक्षेप कालमापनाचा: त्या पट्ट्याच्या जवळपास घेतलेल्या थेट वयमापनांची संख्या थोडी होती आणि मधल्या थरांची वये गणिताने भरून काढलेली होती. तिसरा आक्षेप जागेचा. कालसीमेची खूण सामान्यतः उघड्या कड्यात असते, म्हणजे शंका आल्यास कोणीही तेथे जाऊन पुन्हा नमुना घेऊ शकतो. येथे खूण ज्यात आहे तो स्तंभ गुहेतून काढून कापलेला आहे. चौथा आक्षेप पुरातत्त्वज्ञांचा होता आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सीमा दगडातील बदलासाठी आखायची असताना तिच्या जाहीर समर्थनात नागरी संस्कृतींच्या ‘अस्ताची’ भाषा वापरली गेली, आणि हे अस्त ना एकाच वेळी झाले ना एकाच कारणाने.

सिंधू खोऱ्याचेच घ्यावे. मोठी नगरे ओसरली, पण तेथील माणसे नाहीशी झाली नाहीत. वस्त्या लहान झाल्या, पूर्वेला आणि दक्षिणेला पसरल्या. महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पा काळातील वस्तीचा थर मिळाला तो याच संक्रमणाच्या काळातला, आणि त्यानंतरही तेथे शतकानुशतके शेतकरी वस्ती टिकून राहिली. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन गावांची भरभराट तर या तथाकथित अरिष्टानंतरची आहे. ज्या कालखंडाचा आरंभ ‘महादुष्काळाने’ झाला असे सांगितले जाते, त्याच्या पहिल्या हजार वर्षांत आपल्याकडील काळ्या मातीत नांगराची शेती रुजत होती.

निर्णय झाला त्याच वर्षी, 2018 मध्ये, त्याच मावम्लूह गुहेतील दुसऱ्या स्तंभांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षागणिक म्हणावे इतके बारीक मापन होते. त्यातून जे चित्र निघाले त्यात दोन-तीन शतकांचा अखंड दुष्काळ नव्हता; वीस-तीस वर्षांचे मान्सून मंदावल्याचे टप्पे होते, आणि मध्ये पाऊस सावरलेला दिसत होता. 2023 मध्ये उत्तराखंडातील धरमजळी गुहेतील स्तंभाने याला आणखी तपशील जोडला: सुमारे 4,200 ते 3,970 वर्षांपूर्वीच्या दरम्यान 25 ते 90 वर्षे टिकलेले तीन प्रदीर्घ कोरडे टप्पे, आणि त्यांत उन्हाळी मान्सूनबरोबर हिवाळी पाऊसही घटलेला. म्हणजे उत्तर भारतात त्या काळी कठीण दिवस आले होते यात शंका उरत नाही. मात्र त्यांची घडण वेगळी होती. त्यानंतर 2024 मध्ये जगभरच्या शेकडो नोंदी एकत्र तपासणाऱ्या एका संख्याशास्त्रीय अभ्यासाने असा निष्कर्ष काढला की संपूर्ण होलोसीनच्या चढउतारांत 4,200 वर्षांपूर्वीचा हा प्रसंग जागतिक पातळीवर उठून दिसत नाही. 8,200 वर्षांपूर्वीचा दिसतो.

ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्या हेतूबद्दल संशय घेण्याचे कारण नाही. तरीही असे वाटते की एका स्तंभावर, त्याच्याच शेजारच्या स्तंभांचे म्हणणे ऐकून घेण्याआधी, शिक्का मारण्याची घाई झाली. अशा सीमांचा दर्जा एकदा ठरला की सहसा लवकर बदलत नाही, आणि मार्च 2024 मध्ये मानवनिर्मित बदलांवर आधारलेल्या ‘अँथ्रोपोसीन’ या नव्या विभागाचा प्रस्ताव फेटाळला गेल्यामुळे आपण अधिकृतपणे आजही मेघालयनमध्येच आहोत.

दुर्गादेवीचा दुष्काळ दगडात

या वादाच्या गदारोळात मावम्लूहचे दुसरे, महाराष्ट्राला जास्त जवळचे काम बाजूला पडले. आपल्याकडे गुहा म्हटले की वेरूळ-अजिंठ्याची कोरलेली लेणी डोळ्यांपुढे येतात. दख्खनचा बेसॉल्ट पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे सह्याद्रीत अशा थरांचे स्तंभ जवळजवळ तयारच होत नाहीत आणि आपल्या जुन्या पावसाचा हिशेब शेजाऱ्यांच्या गुहांत शोधावा लागतो. छत्तीसगडात बस्तरच्या कांगेर खोऱ्यातील दंडक गुहेच्या स्तंभातून सुमारे नऊशे वर्षांची नोंद 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मान्सून वारंवार आणि दीर्घकाळ क्षीण झाल्याचे तिच्यात दिसले, आणि 1396 पासून बारा वर्षे चालल्याचे परंपरेने सांगितले जाते तो दुर्गादेवीचा दुष्काळ नेमका त्या पट्ट्यात बसला. 2022 मध्ये मावम्लूहच्या गेल्या हजार वर्षांच्या नोंदीनेही अनेक वर्षे लांबणाऱ्या अशा दुष्काळांची साखळी दाखवली. त्या अभ्यासातील मला सर्वांत चिंताजनक वाटलेली बाब ही की गेल्या दीडशे वर्षांच्या पर्जन्यमापकांच्या काळात त्या तोडीचा लांबलेला दुष्काळ आलेलाच नाही. म्हणजे आपली धरणे, कालवे आणि पीकपद्धती ज्या आकडेवारीवर बेतलेल्या आहेत, ती आकडेवारी मान्सूनच्या तुलनेने सौम्य स्वभावाची आहे. 1972 च्या दुष्काळाची आठवण ज्या घरांत आजही काढली जाते, त्यांना सलग दहा-बारा अशा वर्षांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अंधारातील प्राणी

गुहांतील जीवसृष्टीचा अभ्यास खरे तर पावसाच्या अभ्यासाच्या फार आधी सुरू झाला. गारो टेकड्यांत सिमसांग नदीच्या काठी सिजू नावाची गुहा आहे. वटवाघळांच्या वस्तीमुळे स्थानिक लोक तिला दोबाक्कोल म्हणतात. 1922 च्या हिवाळ्यात कलकत्त्याहून गेलेल्या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी, एक इंग्रज आणि एक भारतीय, तोंडापासून आत सुमारे एक किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरापर्यंतचे प्राणी गोळा केले आणि 1924 मध्ये अहवाल छापला. सुमारे शंभर जातींची नोंद त्यात होती: कोळी, रातकिडे, गोगलगायी, झिंगे, मासे, वटवाघळाच्या विष्ठेवर जगणारे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या. भारतातील एका गुहेच्या संपूर्ण प्राणिजीवनाचा असा नेटका हिशेब पुढे कित्येक दशके दुसऱ्या कोणी केला नाही. नंतरच्या अभ्यासकांना तोच अहवाल हातात घेऊन सिजूत पुन्हा पुन्हा जावे लागले, इतका तो उपयोगी ठरला.

माशांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. बस्तरच्या कुटुमसर गुहेतील फिकट, क्षीण डोळ्यांचा छोटा मासा दीर्घकाळ ज्या जातीत गणला गेला, तिचे पहिले शास्त्रीय वर्णन 1872 मध्ये पुण्यातून मिळालेल्या नमुन्यांवरून झाले होते. नदीत उजेडात राहणारा हा मासा बोटभर, पिवळसर, अंगावर आडवे पट्टे असलेला. त्याच्या गुहेतील भाऊबंदांचे पट्टे पुसट झाले आणि डोळे आक्रसले. मेघालयात सिजू गुहेतील एका जातीचे वर्णन 1987 मध्ये झाले आणि जयंतिया टेकड्यांतील एका आंधळ्या जातीचे 2007 मध्ये. त्या साऱ्या बोटभर लांबीच्या. म्हणून 2019 मध्ये उम लाडाव या खोल, उभ्या विवरातून उतरलेल्या शोधकांना तळच्या डोहात चाळीस सेंटीमीटरहून लांब, पांढुरके मासे संथपणे फिरताना दिसले, तेव्हा जगभरच्या गुहाशास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वळले. गुहेतील इतका मोठा मासा जगात आजवर दुसरा नोंदलेला नाही. बाहेरून पाहता डोळे नाहीत, तोंडाशी मिशा, मोठे खवले, आणि ठेवण डोंगरी ओढ्यांतील महसीरच्या नात्यातली. 2023 मध्ये ती स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आणि तिला जयंतिया टेकड्यांतील पनार लोकांचे नाव मिळाले. कालखंडाच्या नावात जे साधले नाही ते माशाच्या नावात साधले.

या माशांसाठी अंधारात काही उगवत नाही. पावसाळ्यात वरच्या रानातून विवरात वाहून येणारी पाने, काटक्या, कीटक आणि गाळ यांवर ते जगतात. त्यामुळे वर काय चालले आहे याचा खालच्या डोहाशी थेट संबंध आहे, आणि जयंतिया टेकड्यांत वर बरेच काही चालले आहे. त्याच चुनखडीच्या शेजारी कोळशाचे पातळ थर आहेत. उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांतून हा कोळसा खणण्याची पद्धत तेथे दशकानुदशके चालत आली. कोळशात गंधकाचे प्रमाण जास्त असल्याने खाणीतून निघणारे पाणी आम्लधर्मी असते आणि ते ओढ्यांतून गुहांत शिरते. एप्रिल 2014 मध्ये हरित न्यायाधिकरणाने या खाणकामावर बंदी घातली. तरीही डिसेंबर 2018 मध्ये अशाच एका खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर अडकले, तेव्हा बंदी कितपत पाळली जाते ते सर्व देशाला दिसले. त्याच टेकड्यांतील लुखा नदीचे पाणी हिवाळ्यात निळे पडते. कोळशाच्या आम्लपाण्याला चुनखडी भेटल्यावर घडणाऱ्या रासायनिक क्रिया आणि सिमेंट उद्योग, यांपैकी दोष कोणाचा किती यावर सरकारी आणि स्थानिक पक्षांचे एकमत नाही. नदी निळी पडण्याच्या दिवसांत मासे मरतात, हे मात्र काठावरचे लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

चुनखडीची खाण हा दुसरा भाग. सिमेंटसाठी लागणारा दगड आणि गुहा ज्यात आहेत तो दगड एकच आहे. खासी टेकड्यांतील काही चुनखडी तर सतरा किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून सीमा ओलांडून बांगलादेशातील कारखान्यात जाते. मेघालयात बहुतेक जमीन सरकारची नसून कुळांची आणि गावांची आहे, आणि राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने त्या हक्काला संरक्षण आहे. त्यामुळे गुहेचे भवितव्य बहुतेक वेळा गावसभेत ठरते: एका गावाला खाणीतून रोजगार दिसतो, दुसऱ्याला गुहा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांतून. दोन्हींत पैसा आहे आणि दोन्हींत गुहेला धोका आहे. दुरून कोणी खासी शेतकऱ्याला दोष देऊ नये; ज्या गावांनी स्वतःहून आपल्या क्रेमभोवतीचे रान राखले आहे, तीही याच व्यवस्थेतली आहेत.

2022 मध्ये जगातील पहिल्या शंभर भूवारसा स्थळांच्या यादीत मावम्लूहचा समावेश झाला. या यादीने गावाला कायद्याचे कोणतेही नवे संरक्षण मिळत नाही. ज्या स्तंभामुळे हा मान मिळाला तो आता गुहेत नाही; गुहेत आहेत ते त्याच्या शेजारचे, अद्याप न कापलेले, ज्यांच्यावर ऑक्टोबरनंतर, वरचा पाऊस थांबल्यावरही, झिरपणारे पाणी थेंबाथेंबाने पडत असते.